1 नोव्हेंबर: मराठवाड्याने हैदराबाद सोडलं, त्याचा हिशोब

17 सप्टेंबरला काय झालं होतं, हे मराठवाड्यातलं शाळकरी पोरही सांगेल. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतिस्तंभापाशी झेंडावंदन होतं, मुख्यमंत्री येतात, भाषणात घोषणा होतात आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तिरंगा फिरत राहतो. 1 मे तर सगळ्या महाराष्ट्राचाच. पण 1 नोव्हेंबरला काय झालं होतं, असं विचारलं तर बहुतेकजण मोबाईल काढतील.

1 नोव्हेंबर 1956 या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून बाहेर पडला. शेजारच्या बिदर-कलबुर्गीत हा दिवस राज्योत्सव म्हणून लाल-पिवळे झेंडे लावून साजरा होतो. आपल्याकडे त्या दिवशी काहीच नसतं. आणि ज्या राज्यातून आपण बाहेर पडलो, ते काही कुठलं परकं, लांबचं राज्य नव्हतं. 1724 मध्ये पहिल्या निजामाने ते उभं केलं तेव्हा त्याची राजधानी औरंगाबाद होती. 1763 मध्ये ती हैदराबादला गेली. म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून जुना संसार मोडला आणि त्या दिवसाची आपल्याकडे साधी आठवणही नाही.

हा संसार मोडायला नको होता, असं मला म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. तेव्हा ‘सोडायचं की नाही’ यावर कडाक्याचा वाद झाला. ‘सोडायचं तर कसं, कोणत्या हिशोबाने’ हा वाद मात्र पुढे ढकलला गेला, आणि आज सत्तर वर्षांनी मोर्चे निघतात ते बहुतेक या दुसऱ्या वादावरून.

करोडगिरी, हाली आणि कलदार

आधी हे राज्य काय चीज होतं ते बघू. 1941च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1 कोटी 63 लाखांच्या आसपास होती. क्षेत्रफळ सुमारे 82 हजार चौरस मैल, म्हणजे युरोपातल्या एखाद्या मध्यम देशाएवढं. आठ तेलुगू जिल्हे, तीन कानडी आणि पाच मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. मनमाड ब्रिटिश मुलखात होतं, आणि तिथून औरंगाबाद-जालना-परभणी-नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी रेल्वे निजामाच्या राज्याची. टपालाची तिकिटं वेगळी, पैसा वेगळा. निजामाचा रुपया तो ‘हाली’ आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. नगर किंवा सोलापूरकडची माणसं या सगळ्या मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत.

हद्दीवर करोडगिरीचे नाके होते. करोडगिरी म्हणजे जकात खातं. माल आत येताना किंवा बाहेर जाताना तिथे कर द्यावा लागे. युरोपातला ‘कस्टम्स युनियन’ हा शब्द हल्लीच्या बातम्यांमुळे आपल्या कानावर पडला, पण तशी गोष्ट मराठवाड्यातल्या कापूस विकणाऱ्या शेतकऱ्याने रोजच्या व्यवहारात अनुभवलेली होती. एकाच भाषेच्या, एकमेकांत सोयरिकी असलेल्या दोन गावांच्या मधे हा नाका असे. मुक्तिसंग्रामात सशस्त्र तुकड्यांनी ठिकठिकाणी पहिल्यांदा जाळले ते हेच नाके, यात म्हणून नवल नाही.

नोकरीसाठी ‘मुलकी’ असावं लागे, म्हणजे राज्याचा रहिवासी. हा नियम बाहेरच्यांना रोखण्यासाठी होता. मराठवाड्यातला मुलगा शिकून हैदराबादला नोकरीला लागायचा तो या नियमाच्या आधारावर. त्याची नोकरी, त्याचं हायकोर्ट, त्याचं उस्मानिया विद्यापीठ, सगळं हैदराबादला.

पहिला वाद: 1947-48

ब्रिटिश जाणार हे ठरल्यावर सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने जून 1947 मध्येच जाहीर केलं की ते गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसने त्याविरुद्ध भारतात सामील होण्याची चळवळ छेडली. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्याची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने राज्यात भारतीय चलनावर बंधन घातलं आणि पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज देऊ केलं. वाटाघाटींत सार्वमताची गोष्टही निघाली होती. सार्वमत काही झालं नाही.

आज आपण हा काळ दोन रंगांत बघतो: इकडे रझाकार, तिकडे सत्याग्रही. प्रत्यक्षात मतं आडवी-उभी वाटलेली होती. लातूरचा वकील कासिम रझवी रझाकारांचा नेता होता आणि त्याच्या टोळ्यांनी गावोगावी जे अत्याचार केले त्याच्या आठवणी घराघरांत आहेत. पण ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहीत होते, आणि ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला तो त्यासाठीच. औरंगाबादकडचे दलित नेते श्यामसुंदर निजामाच्या बाजूने उभे राहिले आणि हैदराबादची तक्रार घेऊन संयुक्त राष्ट्रसंघात गेलेल्या शिष्टमंडळात होते. डॉ. आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर 1947 मध्येच पत्रक काढून दलितांना बजावलं होतं की निजामाची बाजू घेऊ नका. धर्म किंवा जात सांगा, मी तुमचं मत सांगतो, असा तो काळ नव्हता.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाच दिवसांत प्रश्न सुटला. नंतरच्या हिंसाचाराची चौकशी करायला नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सगळ्यात जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं नोंदवली. राज्यभरातल्या बळींचा तिचा अंदाज 27 हजार ते 40 हजार होता. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारले गेलेले, दोघेही याच मातीतले. एका बाजूचं दुःख सांगताना दुसऱ्या बाजूचं लपवायची गरज नाही.

दुसरा वाद: हैदराबाद ठेवायचं की मोडायचं?

आता हैदराबाद भारतात आलं, निवडणुका झाल्या, लोकांचं सरकार आलं. मग राज्य मोडायचं कशाला? इथून दुसरा वाद सुरू होतो, आणि या वादाबद्दल आपण जवळपास काहीच बोलत नाही.

एका बाजूला त्रिभाजनवादी. तेलुगू भाग आंध्रला, कानडी भाग कर्नाटकला, मराठी भाग महाराष्ट्राला. स्वामी रामानंद तीर्थ या मागणीचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांचा युक्तिवाद साधा होता: निजामाचं राज्य मराठी, तेलुगू, कानडी माणसांनी मागून घेतलेलं नव्हतं, तलवारीने एकत्र बांधलेलं होतं. शाळेत, कचेरीत, कोर्टात ज्याला स्वतःची भाषा बोलता येत नाही, त्याला लोकशाही कशी मिळणार? कम्युनिस्टांचीही मागणी भाषावार राज्यांचीच होती.

दुसऱ्या बाजूला हैदराबाद अखंड ठेवा म्हणणारे. खुद्द नेहरूंना सुरुवातीला हे राज्य मोडावं असं वाटत नव्हतं. तीन भाषा आणि उर्दू एकत्र नांदणारं हे राज्य त्यांना देशाची छोटी प्रतिकृती वाटे. हैदराबादेतल्या उर्दू जाणणाऱ्या नोकरदार वर्गाला तर राज्य मोडणं म्हणजे पायाखालची जमीन सरकणं होतं.

तिसरं मत सगळ्यात वेगळं होतं, आणि ते औरंगाबादेत 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं करणाऱ्या माणसाचं होतं. 1955च्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात डॉ. आंबेडकरांनी लिहिलं की एका भाषेचं एकच राज्य हवं असा काही नियम नाही, एका भाषेची अनेक राज्यं असू शकतात. मराठी भाषकांची त्यांनी चार राज्यं सुचवली, आणि मराठवाडा त्यांतल्या ‘मध्य महाराष्ट्रा’त घातला. निजामाने दोनशे वर्षं दुर्लक्षित ठेवलेल्या भागाचं काय होईल, जेव्हा पुणे-साताऱ्याकडची पुढारलेली माणसं कारभार हातात घेतील, ही त्यांची काळजी होती. याच पुस्तकात त्यांनी हैदराबाद शहराला भारताची दुसरी राजधानी करावं, असंही सुचवलं.

फाजल अली आयोगाने 30 सप्टेंबर 1955 रोजी अहवाल दिला. हैदराबाद मोडावं, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्याला जोडावा, विदर्भ वेगळा राहावा, आणि तेलंगणचं तूर्त वेगळं राज्य ठेवून 1961च्या सुमाराच्या निवडणुकांनंतर तिथल्या विधानसभेने दोनतृतीयांश मतांनी ठरवलं तरच ते आंध्रला जोडावं. म्हणजे तेलंगणाला आधी राहून बघा, मग ठरवा, अशी सवड आयोगाने सुचवली. मराठवाड्यासाठी अशी कुठलीच सवड सुचवली गेली नाही. आणि लोकांचं मत थेट मतपेटीतून कुणीच विचारलं नाही.

रेषा आखली गेली. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले, भालकी, हुमनाबाद आणि औराद तिकडे राहिले. आदिलाबादचं किनवट नांदेडला जोडलं, नांदेडचं मुधोळ आदिलाबादला गेलं. स्वामी रामानंद तीर्थांचंच बघा: सिंदगीला, आजच्या कर्नाटकात जन्मलेला हा माणूस 1952 मध्ये गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेला आणि 1957 मध्ये औरंगाबादमधून. मतदारसंघ बदलले, मधे फक्त एक रेषा आली होती.

‘विनाअट’ या शब्दाचं वजन

मराठवाड्याच्या कुठल्याही सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: आम्ही महाराष्ट्रात विनाअट आलो. एकेकाळी हे अभिमानाने म्हटलं जाई. आता त्यात तक्रार असते. शब्द तोच, सूर बदलला.

तसं बघितलं तर कागद होता. 28 सप्टेंबर 1953च्या नागपूर करारात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन घटक धरले होते. निधी, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणाच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि मराठवाड्याचं मागासलेपण बघून त्याकडे विशेष लक्ष, असं त्यात लिहिलं होतं. पण हा नेत्यांमधला करार होता, कायदा नव्हता. 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 371 मध्ये विकास मंडळांची सोय केली. ती मंडळं प्रत्यक्षात यायला 1994 उजाडलं. म्हणजे 38 वर्षं. आणि 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली.

मधल्या काळात काय झालं? हायकोर्ट आधी हैदराबादला होतं, ते मुंबईला गेलं. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई जवळपास दुप्पट. औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं 1981 मध्ये, पंचवीस वर्षांनी, आणि त्यासाठीही सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. विद्यापीठ तेवढं लवकर, 1958 मध्ये मिळालं. 1974 मध्ये विद्यार्थी मराठवाडा विकास आंदोलनात रस्त्यावर उतरले. 1984च्या दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष 3,186 कोटींहून थोडा जास्त मोजला, त्यातला मराठवाड्याचा सुमारे 751 कोटी. निजामाची मीटरगेज रेल्वे औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज व्हायला 1990चं दशक यावं लागलं.

मग अटी घातल्या असत्या तर सगळं ठीक झालं असतं का? याचं उत्तर हैदराबादच्याच दुसऱ्या तुकड्याकडे आहे. आंध्रशी एक होताना तेलंगणाच्या नेत्यांनी फेब्रुवारी 1956 मध्ये रीतसर करार केला: नोकऱ्या, महसूल, प्रादेशिक समिती, सगळं लिहून घेतलं. तो पाळला जात नाही म्हणून 1969 मध्ये मोठं आंदोलन पेटलं आणि अखेर 2 जून 2014 रोजी तेलंगण वेगळं झालं. म्हणजे अट घालणं पुरत नाही. ती मोडली तर दाद कुठे मागायची, हेही आधीच ठरवावं लागतं.

जुन्या सर्व्हरवर राहिलेला डेटा

सॉफ्टवेअरमध्ये एक सिस्टीम सोडून दुसरीवर जायचं काम ज्यांनी केलंय त्यांना हे कळेल. नवी सिस्टीम सुरू होते त्या दिवशी पेढे वाटतात. खरं दुखणं पुढे सुरू होतं: कुठली नोंद आणली, कुठली जुन्या सर्व्हरवरच राहिली, कुठला नियम अजून जुनाच चालतो.

मराठवाड्यात कुळाचा वाद आजही ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950’ या कायद्याने चालतो. पश्चिम महाराष्ट्रात 1948चा मुंबईचा कायदा, विदर्भात 1958चा तिसराच. राज्य एक, कुळकायदे तीन. जमिनीचं प्रकरण निघालं की वकील आधी खासरा पाहणीपत्रक मागतो, आणि इनाम किंवा मदतमाश जमीन असेल तर उर्दू वाचणारा माणूस शोधावा लागतो.

2023 मध्ये मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. नोंदी निजामकाळातल्या, म्हणून समितीला हैदराबादला जावं लागलं. 2 सप्टेंबर 2025 रोजी मुंबईतलं मनोज जरांगे यांचं उपोषण सुटलं ते हैदराबाद गॅझेटबाबतच्या शासन निर्णयावर. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण 1956 मध्ये सोडलेल्या राज्याच्या कागदांवर 2025 मध्ये मुंबई थांबते, ही गोष्ट नुसती योगायोगाची नाही.

बंजारा समाजाचं उदाहरण तर आणखी बोचरं आहे. एकाच निजाम राज्यातले तांडे 1956 मध्ये तीन राज्यांत गेले. आज हा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत. भाषा एक, देव एक, सोयरीक एक. पण जातीच्या दाखल्यावर लेकीचं सासर आणि माहेर वेगळ्या यादीत. 2025 मध्ये बंजारा समाजाचे मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्याही हातात हैदराबाद गॅझेटच होतं. रेषा आखताना मराठी, तेलुगू, कानडी या तीन भाषा मोजल्या गेल्या. गोरमाटी बोलणाऱ्यांचा विचार कुणी केला?

मतपेटीला जे विचारता येत नाही

थेट लोकांनाच विचारलं असतं तर? आपल्याच शेजारी याचा नमुना आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर ‘फूल’, वेगळं राहायचं असेल तर ‘दोन पानं’. वेगळं राहायच्या बाजूने 54.20 टक्के मतं पडली, विलीनीकरणाला 43.50. आणि गंमत म्हणजे दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं. राज्य कुणी चालवायचं आणि आपण कुठे राहायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे गोव्याच्या मतदाराला कळत होतं.

ब्रिटनने 23 जून 2016 रोजी विचारलं: युरोपीय संघात राहायचं की सोडायचं? 51.9 टक्के म्हणाले सोडायचं. प्रश्न एका ओळीचा होता, पण बाहेर पडायला जानेवारी 2020 उजाडलं. उत्तर आयर्लंडच्या हद्दीवर नाके बसवायचे की नाही, यावर सरकारं अडखळली. करोडगिरी नाक्याची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला त्यात नवं काही वाटू नये. मतपेटीला ‘हो की नाही’ विचारता येतं. ‘कसं’ हे मात्र बसून, वाद घालून, लिहून काढावं लागतं.

त्याच 2016च्या मार्चमध्ये राज्याचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे जालन्यात म्हणाले की मराठवाडाही वेगळा व्हायला हवा. मुंबईत गदारोळ झाला आणि दोनच दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. मराठवाड्यात या मागणीमागे मोठी गर्दी उभी राहिली नाही, आणि मलाही ती पटत नाही. वेगळं राज्य झालं म्हणून जायकवाडीत पाणी जास्त येणार नाही. पण त्या दोन दिवसांत ते बोललेल्या अनुशेषावर किती चर्चा झाली आणि त्यांच्या निष्ठेवर किती, हे जुनी वर्तमानपत्रं काढून बघण्यासारखं आहे.

आपली सवय तिथेच आहे. ‘कसं’ विचारणाऱ्याला आपण ‘नको’ म्हणणारा समजतो. 1955 मध्ये डॉ. आंबेडकर जेव्हा मराठवाड्याचं काय होईल असं विचारत होते, तेव्हा ते मराठीच्या विरोधात नव्हते, हिशोब मागत होते. तो हिशोब तेव्हाच मांडला असता तर कदाचित विकास मंडळ, खंडपीठ, नोंदी आणि दाखले यांसाठी पुढच्या तीन पिढ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं नसतं.

17 सप्टेंबरला झेंडा जरूर लावू. पण 1 नोव्हेंबरलाही एकदा बसायला हवं. भाषणांसाठी नाही, यादी करण्यासाठी: काय आणलं, काय तिकडेच राहिलं, कुणाला विचारलं, कुणाला विचारायचं राहून गेलं. सत्तर वर्षं झाली, तरी यादी अजून पुरी झालेली नाही.